घरटी एक लाकूड

नदीपलीकडे पारगावात फटाक्यांची माळ वाजायला लागली, तेव्हा मी दुकानाच्या पायरीवर चपला काढत होते. नाना कटिंगच्या टेबलाशी उभे होते. त्यांनी कात्री कापडातच थांबवली, मान तिरकी करून कान दिला, आणि मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की पुण्याहून एस्टीत घोकत आणलेलं पहिलंच वाक्य मी विसरले.

"ऐकलंस, पमे? झालं म्हणायचं! कर्जमाफीचा हुकूम निघाला."

"निघाला, नाना."

"मग? मी म्हणत नव्हतो? अगं ए, पमा आली. आधी गूळ आण, चहा मागनं."

आई आतून गुळाचा खडा घेऊन आली. माझ्या तोंडाकडे बघितलं आणि तो माझ्या हातावर न ठेवता तशीच उभी राहिली. आईला कधी काही सांगावं लागायचं नाही. नानांना मात्र सगळं मापं घेऊन, खडूनं आखून दाखवावं लागायचं.

"नाना, मला जरा बोलायचंय तुमच्याशी."

"संध्याकाळी सगळ्यांदेखतच बोल की. पालिकेच्या पटांगणात गाव बोलावलंय मी. तू त्या कर्जाच्या अभ्यासातलीच. तुझ्या तोंडून ऐकलं तर लोकांचा इश्वास बसंल."

माझा धाकटा भाऊ दिगू मशीनवर बसला होता. त्यानं पाय थांबवला नाही. "आणि लाकडांचं सांगा की तिला."

"कसली लाकडं?"

"दोन ट्रॉल्या टाकून घेतल्यात घाटावरच्या शेडात. बाळू वखारवाल्याकडनं. उधारीवर."

"उधारी कसली ती?" नाना म्हणाले. "पालिकेला पैसा आला की पालिका देईल. पारगावाचं बुडवून माफ झालं, तर आपलं फेडून काय वाया जाईल व्हय? सरकारला काय लाज न्हाई?"

उधारी हा शब्द आमच्या घरात निघालेला मी पहिल्यांदाच ऐकत होते. आमचे नाना, एकनाथ माळवदे, जातीचे शिंपी आणि बाण्यानं सावकाराचे वैरी. दोऱ्याचं रीळसुद्धा रोख घेणारा माणूस. त्यानं दोन ट्रॉल्या लाकूड उधार आणलं होतं, एका हुकमाच्या भरवशावर. आणि त्या हुकमात आमच्या गावाचं नाव नाही, हे सांगायला मी आले होते.

लाकडांचं प्रकरण जुनं. मी शाळेत होते तेव्हा आमच्या गावानं आणि पारगावानं एकाच वर्षी, एकाच सरकारी योजनेतून नळाच्या पाण्यासाठी कर्ज काढलं. नदी एक, टाक्या एकसारख्या, व्याजही तेच. पारगावानं पाणी प्यायलं आणि कर्ज विसरून गेलं. आमच्याकडं पुढच्या निवडणुकीत नाना नगराध्यक्ष झाले आणि कर्ज म्हणजे कर्ज म्हणून बसले. नगरपालिकेची कामं दोन तऱ्हेची असतात. काही करावीच लागतात, काही जमलं तर करायची. झाडलोट, गटारं, दिवे ही पहिल्यातली. बाग, वाचनालय आणि मेलेल्याला जाळायला फुकट लाकूड, ही दुसऱ्यातली. नानांनी दुसरी तऱ्हा शिंप्याच्या हातानं कापली. बाग गेली, कारंजं गेलं, वाचनालयात एकच वर्तमानपत्र उरलं. तेवढ्यानं भागेना, तेव्हा लाकडं बंद केली.

गाव पेटलं. कारंजं गेल्याचं कुणाला फारसं वाटलं नव्हतं, पण मरणाचं लाकूड तोडणारा माणूस म्हणजे काय! भरसभेत शिव्या बसल्या. नाना उभे राहिले आणि म्हणाले, "कर्ज फिटलं की दुसऱ्या दिवशी लाकडं सुरू. हा माझा शब्द. तोवर घरटी एक लाकूड."

लोक हसले. पण लौकरच गजराकाकू गेली. पापड लाटून पोट भरणारी एकटी बाई, मागं पुढं कुणी नाही. तिच्या दारात चार माणसं आणि एक वाटी तांदूळ. नाना परसातलं बाभळीचं खोड खांद्यावर टाकून भर बाजारातून चालत निघाले. कुणाकडं बघितलं नाही, कुणाला ये म्हटलं नाही. मी त्यांच्या मागून चालत होते आणि लाजेनं मरत होते. पण मारुतीच्या देवळापासून मागं पावलं वाजायला लागली. गजराकाकूच्या दाराशी पोचेतो तिला पुरून उरेल एवढं लाकूड झालं होतं.

तेव्हापासून रीतच पडली. मयताला जाणाऱ्यानं घरचं एक लाकूड न्यायचं, उंबऱ्याच्या उजव्या अंगाला ठेवायचं, आणि मग आत जाऊन तोंड बघायचं. सावकार असो नाहीतर हमाल, एकच. कमी नाही, जास्त नाही. बाकी भर घरच्यांनी घालायची. त्यानंतर आमच्या गावात कुणाचंही मढं विकतच्या लाकडानं जळालं नाही. सोयरीक जुळवताना लोक हौसेनं सांगायचे, आमच्याकडं मेल्यावर खर्च नाही बघा. जिवंतपणी हुंडा सोडायचे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

कर्ज फिटलं. नानांनी पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी लाकडं सुरू झाली नाहीत. कारण सरकार अनुदान द्यायचं ते तूट भरून काढायला. आमच्या पालिकेला आता तूट नव्हती. तूट नाही तर अनुदान नाही. पारगावाची तूट फुगत होती, त्यांचं अनुदानही फुगत होतं. त्यांचं कारंजं संध्याकाळी रंगीत दिव्यांत उडायचं आणि त्यांच्या घाटावरची लाकडांची शेड आमच्या घाटावरून भरलेली दिसायची. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, असं आई म्हणायची. नाना पुढच्या निवडणुकीत पडले. गावानं त्यांना 'लाकडे नाना' हे नाव ठेवलं ते मात्र कायमचं. लोक लाकूड न्यायचे आणि नाव ठेवायचे, दोन्ही एकाच हातानं.

मी अर्थशास्त्र शिकले ते कशामुळे, हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या एका संस्थेत घारपुरे सरांच्या हाताखाली मी काम करत होते. दिल्लीनं मुंबईला किती द्यावं, मुंबईनं गावाला किती द्यावं, आणि दिलेलं कर्ज कधी सोडून द्यावं, यावर सरांचा सगळा जन्म गेला. त्या वर्षी सरकारनं एक समिती नेमली आणि छोट्या गावांच्या थकलेल्या कर्जांचा अभ्यास आमच्याकडं आला. सरांनी शेजारशेजारच्या गावांच्या जोड्या लावल्या. एक बुडवलेलं, एक फेडलेलं. पारगाव आणि आम्ही अशी एक जोडी होती.

सर न्यायाचा माणूस. ज्यांनी फेडलं त्यांनाही काही परत मिळालं पाहिजे, यावर त्यांनी आख्खं प्रकरण लिहिलं. त्याची कुणकुण नानांना माझ्याकडूनच लागली होती, आणि नानांनी ते प्रकरण झालंच असं धरलं. समितीनं बाकी सगळं घेतलं, तेवढं गाळलं. सर मला घेऊन मंत्रालयात भांडायला गेले. तिथला अधिकारी सभ्य होता. तो म्हणाला, "थकबाकीच नाही, तर आम्ही माफ काय करणार? शून्यातून काय वजा करू, बाई?"

"चल," दुकानाच्या पायरीवर चपला घालत नाना म्हणाले. "तुला शेड दाखवतो."

आम्ही घाटावर गेलो. वाटेत भेटेल त्याला नाना सांगत होते, पमी आली, संध्याकाळी या. शेड त्यांनी झाडून घेतली होती. पत्र्याखाली लाकूड नीट रचलं होतं, जाड खाली, बारीक वर. नानांनी एका ओंडक्यावर हात फिरवला, गिऱ्हाइकाच्या खांद्यावर कापड बसलंय का बघावं तसा.

"कोरडं ठाक आहे. बाळूनं चांगलं दिलं."

"नाना, हे परत पाठवा."

"का गं?"

"हुकमात आपलं नाव नाही."

ते हसले. "दुसऱ्या यादीत असंल. फेडणाऱ्यांची वेगळी काढली असंल."

"फेडणाऱ्यांची यादीच नाही. सरांचं ते प्रकरण गाळलं त्यांनी. आम्ही भांडलो, नाना. फक्त थकलेलं माफ झालंय. आपलं थकलेलं काही नाही."

ते ओंडक्यावर टेकले. नदीपलीकडे कुणीतरी आणखी एक माळ लावली. ती वाजून संपेतो ते नखानं ओंडक्याची साल काढत राहिले.

"मग तुमच्या त्या अभ्यासात आपलं गाव कशाला घेतलं होतं? तू म्हणाली होतीस, आपलं गाव हाय त्यात."

मला खोटं बोलता आलं असतं. पण नानांपुढं बोलायची सवय नव्हती. "तुलनेसाठी."

"म्हंजे?"

"बुडवलं तर काय होतं हे कळायला, न बुडवलेलं एक गाव शेजारी ठेवून बघायचं असतं. ते आपलं."

नानांनी समोरच्या काठाकडं बघितलं. मग मान हलवली.

"मापाचा सदरा," ते म्हणाले.

"काय?"

"गिऱ्हाईक नवा सदरा शिवायला टाकताना जुना एक आणून देतं न्हवं? मापाला. आपण माप घेतो, आणि जुना घडी करून परत देतो. नवा कुणाला होतो? ज्याचा त्याला. मापाचा सदरा तो मापाचाच."

मी त्यांच्या शेजारी बसले. माझा बाप चौथी शिकलेला. पण दुखणं नेमकं सांगायला शाळा लागत नाही.

"पमे, खरं सांग. मी गप बसलो असतो. फेडलंच नसतं. तर?"

"तर आज माफ झालं असतं."

"आणि लाकडं?"

"चालू राहिली असती."

"सगळी वर्षं?"

"सगळी वर्षं, नाना."

त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. "गजराला मी खांद्यावर लाकूड नेलं," ते म्हणाले, आणि तोच खांदा हातानं चोळला.

"संध्याकाळी मी सांगते लोकांना," मी म्हटलं.

"नको. शब्द माझा होता. उसवायचा तर मीच उसवीन."

संध्याकाळी पटांगण भरलं होतं. पारगावचे फटाके सगळ्यांनीच ऐकले होते, त्यामुळं बायकासुद्धा आल्या होत्या. काहींनी नारळ आणले होते. नाना टेबलाला हात टेकून उभे राहिले आणि सरळ सांगितलं. फिरवून नाही, सजवून नाही. पारगावाचं माफ झालं. आपलं काही नाही. लाकडं सुरू होत नाहीत. माझा शब्द गेला.

आधी कुणाला कळलंच नाही. मग संपत डेअरीवाला उठला. घरोघर दूध घालणारा हा माणूस, तोंडाचा फटकळ, पण मयताला पहिलं लाकूड बहुतेक त्याचंच असायचं.

"म्हंजे त्येंनी बुडिवलं, त्येंचं माफ. आमी फेडलं, आमाला घंटा?"

"तसंच, संपत."

"चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि आमाला फेडा फेडा म्हनलं कुनी? तुमी. माजा बाप गेला तवा शेजाऱ्यांनी काटक्या आणल्या, नाना. काटक्या! तिकडं पारगावात भिकारी मेला तरी सरकारी लाकडानं जळतोय. आमी काय खुळं हाय व्हय?"

"न्हाईस, संपत."

"मग कोन खुळं?"

नाना म्हणाले, "मी."

मला वाटलं होतं, ते ऐकून लोक शांत होतील. झालं उलटंच. माणसानं चूक कबूल केली की लोकांना जोर चढतो. मागून कुणी ओरडलं, आता हितनं फुडं एक काटकीसुद्धा न्हाई. दुसऱ्यानं तेच म्हटलं. मग सगळं पटांगण तेच म्हणायला लागलं. कुणी ठराव मांडला नाही, कुणी हात वर केला नाही. पण ठरलं, हे सगळ्यांना कळलं. आणलेले नारळ लोकांनी तसेच घरी नेले.

सकाळी बाळूची ट्रॉली शेडपाशी लागली. नाना स्वतः लाकडं चढवू लागत होते. बाळू म्हणत होता, "नाना, ऱ्हाऊ द्या की, सावकाश द्या पैसे." नाना म्हणाले, "पैसे कुठनं देऊ? माझ्या शब्दावर आणलं होतं, शब्दच न्हाई ऱ्हायला." घाटाच्या पायऱ्यांवर लोक दात घासत बसले होते, बघत होते. नानांना धाप लागत होती, तरी एकही हात पुढं आला नाही. मी आणि दिगूनं उरलेली चढवली. मी त्याच दुपारच्या एस्टीनं पुण्याला गेले, आणि सगळ्या वाटेत त्या गावाला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

महिन्याभरातच, संक्रांत होऊन गेल्यावर, फोन आला. नाना सकाळी दुकान उघडून, कापडावर खडूनं रेघ मारता मारता टेबलावर ओणवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी पोचले तेव्हा अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. सगळं गाव आलं होतं. माणसं रडत होती, खरोखरीचं रडत होती. मी त्यांच्यातून वाट काढत उंबऱ्याशी आले आणि उजवीकडं बघितलं.

तिथं काही नव्हतं. नुसती सारवलेली जमीन.

आई नानांच्या उशाशी बसली होती. तिची नजर नानांच्या तोंडावर नव्हती. दारातून दिसणाऱ्या त्या रिकाम्या कोपऱ्यावर होती. माणूस आत यायचा, ती त्याच्या हातांकडं बघायची, तो नमस्कार करायचा, ती पुन्हा दाराकडं बघायची. मी तिला कवळ घातली तशी ती माझ्या कानात म्हणाली, "कुणीच आणलं नाही गं, पमा."

कुणी नानांवर डूख धरून आलं नव्हतं, हे मला आज कळतं. गावानं रागात एक गोष्ट ठरवली होती. त्यानंतर गावात कुणी मेलंच नव्हतं. पहिले मेले ते नानाच. एकट्यानं लाकूड घेऊन निघायचं तर गावाचा शब्द मोडणार, आणि दुसरा कुणी निघतोय का ते बघत प्रत्येकजण आपापल्या दारात थांबला होता. मग सगळेच मोकळ्या हातांनी आले. पण त्या दिवशी मला हे कळलं नव्हतं. मला एकेकाच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती.

दिगू आईपाशी वाकला. "बाळूकडनं आणतो विकत. गाडी पाठवू का?"

"ह्या गावात कुणाचं मढं विकतच्या लाकडानं जळालंय?"

"न्हाई, पण..."

"मग ह्यांचंच का?"

तेवढ्यात पुलाकडून ट्रॅक्टरचा आवाज आला. पारगावचे नगराध्यक्ष हणमंतराव स्वतः पुढं बसले होते आणि मागं ट्रॉली लाकडांनी शिगोशिग भरली होती. हणमंतराव नानांचे शाळेतले सोबती. माणूस दिलदार, गावाचा पैसा असला की आणखी दिलदार. पण त्या दिवशी त्यांचे डोळे लाल होते आणि ते नाटक नव्हतं.

"वैनी," ते अंगणात हात जोडून म्हणाले, "मला समजलं हितलं. एकनाथाला असं जाऊ द्यायचं न्हाई आमी. आमची शेड भरलेली हाय. ही आमच्या गावाकडनं."

संपतनं मान खाली घातली. आई उठली, पदर नीट केला आणि उंबऱ्यात आली.

"भावजी, तुम्ही आलात, त्यांना बरं वाटलं असतं. पण लाकूड परत न्या."

"वैनी, राग धरू नका..."

"राग नाही. ते लाकूड फेडल्याशिवाय घेतलेलं आहे. ह्यांना चालायचं नाही."

हणमंतरावांनी ट्रॅक्टर मागं घ्यायला लावला. आई वळली.

"दिगू, दुकान उघड. कुऱ्हाड घे."

दिगूला कळलं, तसा तो जागच्या जागी बसला. "आई, टेबल? आजोबांचं सागवानी टेबल हाय ते."

"घरचं लाकूड आहे. ह्यांनी सगळा जन्म त्याच्यावरच काढला. ऊठ."

टेबल बाहेर काढायला पाच माणसं लागली. त्याच्या कडेला ठोकलेली मापाची पितळी पट्टी दिगूनं पटाशीनं उचकटली. वर अजून एक अर्धवट आखलेली रेघ होती, पांढऱ्या खडूची. ती जिथं वाकडी झाली होती तिथं नाना ओणवे झाले असणार. मग कुऱ्हाड पडली. जुनं सागवान सहजी फुटत नाही. घाव बसायचा, टेबल घुमायचं, आणि अंगणातला एकेक माणूस दचकायचा. त्या गावात असं कुणी नव्हतं ज्याचा शाळेचा सदरा, लग्नाचा कोट नाहीतर पोरीचं पहिलं परकर-पोलकं त्या टेबलावर कापलं गेलं नव्हतं. संपतच्या लग्नातल्या कोटाचं कापड कमी पडलं होतं, तेव्हा नानांनी अस्तरात आपल्या गाठीचं घातलं होतं. तो माझ्यासमोरच उभा होता. दर घावाला त्याचे खांदे हलत होते.

टेबलामागनं काउंटर गेलं, फळ्या गेल्या, गिऱ्हाईक बसायचं बाकडं गेलं. परसातल्या शेणी घातल्या. आई म्हणाली, पुरे होईल. देह तरी केवढासा होता.

आमच्याकडं बायका घाटावर जात नाहीत. आई निघाली. कुणी अडवलं नाही.

दिगूनं अग्नी दिला आणि जुनं लाकूड भडभडून पेटलं. मी मागं बघितलं तर माणसं पांगायला लागली होती. दोघं गेले, चौघं गेले, संपत तर चक्क धावत सुटला. कवटी फुटायच्या आधी घाट सोडायचा नसतो, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. मला संताप आला. मी आईला म्हटलं, "बघ, बघ तुझं गाव. तेवढंही थांबवत नाही त्याला."

आई जाळाकडं बघत होती.

जाळ खाली बसत आला तेव्हा पायऱ्यांवर पावलं वाजली. सगळ्यात पुढं संपत. खांद्यावर लिंबाचं खोड, धापा टाकत. त्याच्या मागं बाळू वखारवाला, एकच ओंडका घेऊन. सगळी वखार त्याची, पण हातात एकच. मागं कुणी खाटेचा पाय, कुणी नांगराचा दांडा, कुणी जळणातलं फाटं. गजराकाकूच्या शेजारची म्हातारी काठी टेकत आली होती आणि तिनं टेकायची काठीच पुढं केली. पायऱ्या भरल्या, वरचा रस्ता भरला. आणि लाकूड ठेवायला चिताच उरली नव्हती. नुसता विस्तव आणि त्यात कडेला टेबलाचा एक पाय धुमसत होता.

संपत विस्तवापाशी येऊन उभा राहिला. खांद्यावरचं खोड खाली ठेवायचं कुठं ते त्याला कळेना. मोठा गडी, पण लहान पोरासारखा रडत होता.

"वैनी," तो म्हणाला, "उशीर झाला वो."

आई त्याच्याजवळ गेली. नानांना भरलेली बघायची होती ती पत्र्याची शेड तिथंच मागं रिकामी उभी होती, नानांनी झाडून घेतलेली.

"शेडात ठेव, संपत," आई म्हणाली. "जाड खाली, बारीक वर. पुढच्याला होईल."